मोरीतला बुळबुळीत थर नदी वाचवेल?

बादली रिकामी झाली, फ्लश ओढला की आपल्यापुरता विषय संपतो. पण ते पाणी पुढे जातं कुठे? हिंगोलीसारख्या शहरांसाठी या प्रश्नाचं एक उत्तर खडीने भरलेल्या साध्या टाकीत आहे. अट एकच : ती टाकी कुणीतरी पाळायला हवी.

सकाळचे साडेसात. हिंगोलीतलं कुठलंही हॉस्टेल, कुठलीही भाड्याची रूम, चित्र सारखंच. बाथरूमसमोर रांग, बाहेरून दारावर थाप, आतून ‘दोन मिनिटं थांब रे’. आंघोळ, दाढी, दात, जमलंच तर दोन शर्ट. बादल्या रिकाम्या होतात, पाणी मोरीच्या जाळीतून खाली जातं आणि आपण सॅक अडकवून कॉलेजला निघतो.

ते पाणीही निघतं. मोरीतून पाइपात, पाइपातून गटारात, गटारातून नाल्यात. आणि नाल्याचा उतार कायम नदीकडे असतो. हिंगोलीची नदी कयाधू. वाशिम जिल्ह्यात उगम पावून ती आपल्या जिल्ह्यात येते. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी तिच्याच काठावर आहे. पुढे ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे आपल्या साबणाचा फेस बराच लांबचा प्रवास करतो. फक्त त्याच्यासोबत काय काय प्रवास करतं, हे आपण कधी विचारत नाही.

‘आमच्याकडे सेप्टिक टँक आहे ना!’

हे उत्तर हमखास येतं. पण सेप्टिक टँक म्हणजे पाणी शुद्ध करणारी टाकी, हा आपला मोठा गैरसमज आहे. तिथे होतं एवढंच की जड मैला तळाशी बसतो, तेल-चरबी वर तरंगते आणि तळाचा गाळ हवेशिवाय हळूहळू कुजत राहतो. वरून जे पाणी बाहेर पडतं ते दिसायला जरा पातळ, पण त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त घाण तशीच असते. जंतू तर असतातच. हे पाणी पुढे शोषखड्ड्यात मुरावं किंवा त्यावर आणखी एक प्रक्रिया व्हावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात शहरातल्या दाटीवाटीत टाकीचा पाइप सरळ गटारात सोडलेला असतो. विश्वास बसत नसेल तर आपल्याच बिल्डिंगच्या मागे जाऊन बघा.

आता थोडा हिशेब करू. २०११च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या ८५ हजारांच्या आसपास होती. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी मोजमाप आहे आणि त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात. ‘आमच्याकडे नळ रोज येतो कुठे!’ असं तुम्ही म्हणाल, ते खरंच आहे. पण मोजमापाप्रमाणे पाणी आलं, तर त्या जुन्या लोकसंख्येलाही रोज ९० लाख लिटरहून अधिक सांडपाणी तयार होईल.

हा प्रश्न एकट्या हिंगोलीचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे दहा बादल्यांपैकी तीनसुद्धा नाहीत. बाकीच्या सात नदी-नाल्यात.

नदीचा दम कसा लागतो?

नदीत घाण गेली की नदी मरते, हे आपण ऐकतो. पण मरते म्हणजे नेमकं काय होतं?

नदीच्या पाण्यात थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो. थोडा म्हणजे किती? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांपर्यंत तापलं, तर एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सात मिलिग्रॅम. मासे त्यावरच जगतात. आता त्यात सांडपाणी आलं. सांडपाणी म्हणजे जिवाणूंसाठी पंगतच. अन्न दिसलं की ते भराभर वाढतात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. एक लिटर सांडपाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना साधारण २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. यालाच बीओडी म्हणतात, बीएस्सीवाल्यांनी प्रॅक्टिकलला केलेला असेल. २५०ला सातने भागा. एक लिटर सांडपाणी जवळजवळ ३५ लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं!

नदीला नवा ऑक्सिजन हवेतून मिळत राहतो, पण फेब्रुवारीनंतर नदीत वाहतं पाणीच उरत नाही. मग डबकी राहतात, ती काळी पडतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

इथे एक गंमत लक्षात घ्या. जिवाणू नदीत जे करतात ते काम वाईट नाही. ते घाण खातच असतात. फक्त जागा चुकलेली असते. हीच पंगत नदीत न बसवता आधीच एका टाकीत बसवली, पोटभर खायला आणि भरपूर ऑक्सिजन दिला, तर? सांडपाणी शुद्धीकरणाचं सगळं शास्त्र या एका ‘तर’वर उभं आहे.

गाळणी नाही, पंगत

मोरी दोन-तीन दिवस घासली नाही तर पाय घसरतो. हाताला लागतो तो बुळबुळीत थर. ओढ्यातल्या दगडांवरही तसाच थर असतो. तो नुसता मळ नसतो, तर जिवाणूंची वस्ती असते. जिवाणू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि तिथेच संसार थाटतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात.

पाण्यात बुडालेला जैविक फिल्टर म्हणजे या बुळबुळीत थराला मुद्दाम दिलेलं घर. एक टाकी घ्यायची. त्यात दगडाची खडी किंवा प्लॅस्टिकचे जाळीदार तुकडे भरायचे. ते कायम पाण्याखाली राहतील अशी रचना करायची. मैला बसवून घेतलेलं सांडपाणी त्यातून सावकाश जाऊ द्यायचं. तळाशी भोकं असलेल्या नळ्या आणि बाहेर ब्लोअर म्हणजे हवा मारणारा पंखा. खालून बुडबुडे सुटतात, प्रत्येक तुकड्यावर थर चढतो आणि पाणी त्याला घासून जाताना थरातले जिवाणू त्यातली घाण खातात.

फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते. इथे तसं काही होत नाही. या खडीच्या फटी एवढ्या मोठ्या असतात की घाण त्यातून सहज निसटेल. हा फिल्टर गाळत नाही, खातो.

मग प्लॅस्टिकचे चित्रविचित्र आकार कशाला? जागा वाढवायला. एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात असे तुकडे भरले तर त्यांचा मिळून पृष्ठभाग दीडशे-पावणेदोनशे चौरस मीटर भरतो. म्हणजे अख्खी दोन बॅडमिंटन कोर्टं एका खोक्यात! जेवढी जागा जास्त, तेवढे जिवाणू जास्त.

थर जाड झाला की आतल्या जिवाणूंपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही. मग तो सुटून पडतो आणि त्या जागी नवा थर येतो. सुटलेला गाळ पुढच्या टाकीत तळाशी बसतो, वरचं पाणी पुढे जातं. शेवटी जंतू मारायला क्लोरिन किंवा अतिनील किरण. हे शेवटचं पाऊल विसरायचं नाही, कारण पाणी नितळ दिसलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नसतं.

तुमच्यापैकी कुणाकडे फिशटँक असेल तर ही टाकी तुम्ही रोज बघताय. काचेच्या कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज असतो ना, तो याच फिल्टरचा लहान भाऊ. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष. स्पंजातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. म्हणून मासे जगतात. नवशिक्या माणूस काय करतो? स्पंज काळा दिसला की नळाखाली धरून चकाचक धुतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जिवाणू मरतात आणि दोन-चार दिवसांत मासे उलटे तरंगतात. ‘एवढं स्वच्छ केलं, तरी कसे मेले?’ असं तो विचारत बसतो. स्वच्छ केलं म्हणूनच मेले, भावा!

वीज नसेल तर?

मराठवाड्यात कुठल्याही यंत्राची गोष्ट निघाली की हा प्रश्न येणारच. लाइट गेली, ब्लोअर थांबला, तर काही तासांतच थराचा दम कोंडायला लागतो. म्हणून जनरेटर किंवा सोलरची सोय लागते आणि दर महिन्याचं बिलही.

पण याच फिल्टरचा एक बिनविजेचा प्रकारही आहे. त्यात हवा सोडायचीच नाही. सेप्टिक टँकच्या पुढे खडीने भरलेली दुसरी टाकी बांधायची. पाणी तळातून आत सोडायचं, खडीतून वर चढवायचं आणि वरून बाहेर काढायचं. इथे हवेशिवाय जगणारे जिवाणू खडीला चिकटतात. याला अपफ्लो अ‍ॅनेरोबिक फिल्टर म्हणतात. अमेरिकेतल्या यंग आणि मॅकार्टी या दोघांनी १९६९मध्ये त्यावरचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सेप्टिक टँकसाठीच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस २४७०च्या दुसऱ्या भागातही, तो आहे.

जागा किती लागते? ढोबळ हिशेब माणशी ४० ते ५० लिटरचा. म्हणजे पाच जणांच्या घराला अडीचशे लिटर, जवळजवळ एका मोठ्या ड्रमएवढी. शंभर पोरांच्या हॉस्टेलला पाच हजार लिटर. बांधकामाला लागतो गवंडी, विटा, सिमेंट आणि खडी. सगळं हिंगोलीत मिळतं. नीट चालला तर सेप्टिक टँकमधून आलेल्या पाण्यातली साधारण ७० टक्के घाण हा फिल्टर कमी करतो.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अमोनिया तसाच राहतो, जंतू पुरते मरत नाहीत, बाहेर पडणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन नसतो. म्हणून त्यापुढे कर्दळ किंवा पाणकणसाचा वाफा जोडतात. नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, ‘फायटोरिड’ नावाचं तंत्र विकसित केलंय. त्यात सांडपाणी वनस्पती लावलेल्या खडीच्या वाफ्यांतून, पृष्ठभागाच्या खालून वाहतं. वरून बघितलं तर नुसती बाग वाटते. काम मात्र तेच : खडी, मुळं आणि त्यांच्यावरचा थर. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये असा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे कॉलेजच्या आवारात हे होऊ शकतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे.

गावात जागा असेल तर अजून सोपा मार्ग आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली. पाणी साचणं थांबलं आणि डासही कमी झाले. ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजलं. पण शोषखड्डा आंघोळीच्या आणि भांडी धुतलेल्या पाण्यासाठी. शिवाय शहरातल्या गल्लीत खड्ड्याला जागा कुठे? तिथे टाकीच लागते.

सव्वाशे वर्षांची जुनी युक्ती

हे काही नवं तंत्रज्ञान नाही बरं का. लंडनमध्ये १८९०च्या दशकात विल्यम डिब्डिन या रसायनतज्ज्ञाने दगडी कोळशाच्या कोकने भरलेल्या टाक्यांत सांडपाणी भरून ठेवायचं आणि मग सोडायचं, असे प्रयोग केले. जंतू म्हणजे शत्रू, अशी समजूत पक्की होण्याच्या काळात हा माणूस त्यांना कामाला लावत होता. त्याच दशकाच्या शेवटी आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरल्याची नोंद आहे. १९१४मध्ये मँचेस्टरच्या आर्डेर्न आणि लॉकेट यांनी ‘अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज’ची पद्धत मांडली. त्यात जिवाणू कशाला न चिकटता पाण्यात तरंगत राहतात. मोठ्या शहरांचे बहुतेक प्रकल्प या वळणाचे. आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेमध्ये प्लॅस्टिकची छोटी चाकं टाकीत मोकळी फिरवायची कल्पना निघाली. पुण्या-मुंबईच्या टॉवरखाली आज जे ‘एमबीबीआर’ बसवतात, ते हेच.

चिकटून राहणाऱ्या जिवाणूंचा फायदा आपल्याकडे जास्त कळतो. महाशिवरात्रीला औंढा नागनाथला गर्दी उसळली की सांडपाण्याचा लोंढाही येणार. तरंगणारे जिवाणू अशा लोंढ्यासोबत वाहून जाऊ शकतात. खडीला चिकटलेले टिकून राहतात. पण त्यांनाही मर्यादा असतेच. वर्षभर उपाशी ठेवलेली टाकी एका दिवसात लाखभर माणसांचा मैला पचवू शकत नाही. नवा थर नीट बसायला काही आठवडे लागतात. हॉस्टेल दिवाळीत रिकामं होतं तेव्हा तुमच्या टाकीतले जिवाणूही उपाशी पडतात आणि सुट्टी संपल्यावर त्यांना सावरायला थोडे दिवस द्यावे लागतात.

टाक्या बंद का पडतात?

आता खरा मुद्दा. तंत्र साधं आहे, जुनं आहे, मग नद्या काळ्या का?

केंद्रीय मंडळाचे आकडे पुन्हा बघा. २०२१च्या त्याच अहवालात देशात उभारलेली क्षमता होती रोज ३१,८४१ दशलक्ष लिटर. त्यातली चालू क्षमता २६,८६९ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६. म्हणजे पैसे खर्चून जे बांधलं, त्याचाही तिसरा हिस्सा वापरात नव्हता.

याची कारणं ठिकाणागणिक वेगळी. कुठे सांडपाणी प्रकल्पापर्यंत आणणारी पाइपलाइनच नाही. कुठे वीजबिलाचे वांधे. पण एक कारण सगळीकडे भेटतं : आपण टाकीला यंत्र समजतो. उद्घाटन झालं, नारळ फुटला, बटण दाबलं, झालं. पण ही गोठ्यातल्या म्हशीसारखी गोष्ट आहे. तिला रोज चारा लागतो, हवा लागते आणि आजारी पडली तर ओळखणारा माणूस लागतो. फेस पांढरा आहे की काळपट, वास मातीचा आहे की सडका, बुडबुडे सगळीकडे येतात की एकाच कोपऱ्यात, हे रोज बघणारं कुणीतरी हवं. कुणी अ‍ॅसिडची बाटली संडासात ओतली तर थर मरतो. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच आत गेले तर खडी तुंबते.

तुंबली की मग सगळ्यात भयानक गोष्ट होते. ‘जरा उतर आणि मोकळं कर’ म्हणत कुणाला तरी आत पाठवलं जातं. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेला असतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये दिला. म्हणून टाकीचा आराखडा करतानाच विचारायचं : गाळ बाहेरूनच पंपाने काढता येईल का? खडी बाहेरूनच धुता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर आराखडा चुकलाय.

यात आपलं काय काम?

‘स्वच्छ भारत मिशन शहरी’चा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांचं वापरलेलं पाणी हा त्यातला एक मुख्य विषय. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सगळी याच गटातली शहरं. म्हणजे पुढच्या काळात लहान शहरांत अशा टाक्या बांधल्या जातील. त्या चालवणार कोण? केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, सिव्हिल, आयटीआय इलेक्ट्रिशियन, प्रत्येकाचं काम त्यात आहे. ‘गटाराचं काम’ म्हणून नाक मुरडायचं की तांत्रिक काम म्हणून शिकायचं, हे आपल्यावर आहे. आणि हे काम ठरावीक जातींच्या माणसांनीच करायचं, हा जुना हिशेब मोडायचा असेल, तर शिकलेल्या, पगारी, हातमोजे-बूट घातलेल्या ऑपरेटरचा हुद्दा तयार व्हायला हवा.

सुरुवात साध्या गोष्टींनी करता येईल.

एक : आपल्या कॉलेजच्या, हॉस्टेलच्या टाकीचा पाइप कुठे सुटतो ते विचारा. टाकी शेवटची कधी उपसली, तेही विचारा. उत्तर कुणालाच माहीत नसेल, तर तेच तुमच्या प्रोजेक्टचं पहिलं पान.

दोन : लॅबमध्ये टेस्ट करा. झाकणाची बाटली पाण्याने काठोकाठ भरा, मिथिलीन ब्लूचे थोडे थेंब टाका आणि घट्ट बंद करून अंधारात ठेवा. पाण्यात घाण जास्त असेल तर ऑक्सिजन लवकर संपतो आणि निळा रंग उडतो. गटाराचं पाणी आणि बोअरचं पाणी शेजारी ठेवून बघा. सरांना सोबत घ्या, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

तीन : छोटा फिल्टर बनवा. दोन सारख्या बादल्यांत तांदळाचं धुवण पाणी मिसळून ओता. एकीत खडी आणि फिशटँकचा हवेचा पंप, दुसरीत काहीच नाही. रोज थोडं धुवण घाला. दोन-तीन आठवड्यांनी वास आणि गढूळपणा यांतला फरक बघा. खडीला हात लावा. बुळबुळीत लागली? अभिनंदन, तुमची वस्ती बसली.

चार : संडासात अ‍ॅसिड ओतणं आणि पॅड टाकणं बंद करा. रूमवर एक कचऱ्याचा डबा ठेवला तरी निम्मं काम होतं.

उद्या सकाळी साडेसातला पुन्हा रांग लागेल, पुन्हा बादल्या रिकाम्या होतील, पाणी जाळीतून खाली जाईल. या वेळी एक करा. दात घासता घासता बाहेर या आणि तो पाइप कुठवर जातो ते स्वतः चालत जाऊन बघा. कयाधू काही फार लांब नाही.